उड्डाणाआधी विमानाभोवतीची फेरी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हलक्या विमानांच्या प्रशिक्षणावर लेख होता. ‘उड्डाणाआधी वैमानिक स्वतः विमान तपासतो’ हे त्यातलं एकच वाक्य धरून सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे सेसना १५२ आणि १७२एस या विमानांचे आहेत. तुमच्या विमानाचं हँडबुक काही वेगळं सांगत असेल, तर हँडबुकचंच ऐका.

मुलगी विमान चालवायला शिकते आहे. सहाचं उड्डाण असलं तरी पाचला घरातून निघते, ‘विमान तपासायचं असतं’ म्हणते. विमानाची देखभाल इंजिनिअर करतात, मग शिकाऊ मुलांनी परत तपासून काय साधतं? आणि हा वेळ फीच्या तासांत धरतात का?
— एक पालक, कराड

आधी पैशांचं. उड्डाणाचा वेळ विमान उड्डाणासाठी जागचं हललं की सुरू होतो आणि उतरून पूर्ण थांबलं की संपतो. त्याआधीची तपासणी लॉगबुकात जात नाही. त्यामुळे मुलगी लवकर जाते त्यात तुमचं नुकसान काही नाही.

इंजिनिअर ठरावीक तासांनी, म्हणजे ५० तासांना, १०० तासांना असं, विमान उघडून बघतो आणि सही करतो. त्या सहीनंतर विमान रात्रभर उभं असतं. कुणीतरी टाकी भरतं. कुणीतरी ढकलत हँगरमध्ये नेतं आणि पंखाचं टोक दाराला घासतं. आदल्या विद्यार्थ्याचं लँडिंग आदळलेलं असतं आणि तो ते कुणाला सांगत नाही. वैमानिकाने बघायचं ते एवढंच, की शेवटच्या सहीनंतर या विमानात काय बदललं. इंजिनिअर तिथे नसतानाच्या गोष्टी या, त्यामुळे त्याची सही त्यांना पुरत नाही.

म्हणून सुरुवात विमानापासून न होता टेक लॉगपासून, म्हणजे विमानाच्या नोंदवहीपासून, होते. आधीच्या वैमानिकाने स्नॅग (बिघाड) लिहिला आहे का, तो सोडवल्याची नोंद आहे का, पुढच्या तपासणीला किती तास उरले, एअरवर्दिनेस रिव्ह्यूची (विमान उडण्यायोग्य असल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत आहे का, हे आधी वाचायचं. दिवसातल्या पहिल्या उड्डाणाआधी हे सगळं धरून अर्धा तास लागतो. नंतरच्या सॉर्टींमध्ये (उड्डाणांमध्ये) दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण इंधन आणि तेल दर वेळी बघायचंच.

इंधनाचा नमुना काढून बघतात तो नक्की कशासाठी? आमच्यात बरेच जण एक-दोन ड्रेन (नमुना काढायच्या तोट्या) बघतात आणि पुढे जातात. सगळे बघायलाच हवेत का?
— प्रशिक्षणार्थी, सातारा

सगळे. या विषयावर लांबण लावतो, कारण इंजिन बंद पडण्याच्या कारणांपैकी जमिनीवर, हातातल्या पेल्यात दिसू शकणारं कारण हेच.

पाणी ॲव्हगॅसपेक्षा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलपेक्षा, जड. एक लिटर ॲव्हगॅस साधारण ०.७२ किलो भरतं, पाणी १ किलो. त्यामुळे पाणी टाकीच्या तळाशी जातं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघते. पाणी येतं तीन वाटांनी. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ धातूवर जमते. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं की पाऊस किंवा धुण्याचं पाणी आत झिरपतं. आणि कधी ज्या पिंपातून वा टँकरमधून इंधन भरलं, त्यातच पाणी असतं.

१७२एसला एकूण १३ ड्रेन आहेत. प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३. इतके दिले आहेत, कारण टाकीचा तळ एकसारखा सपाट नसतो आणि पाणी एकाच खळग्यात जमेल याची खात्री नसते. तेरापैकी तीन बघणाऱ्याने ते तीन खळगे बघितले, टाकी नाही बघितली. १५२ ला काम कमी आहे. दोन्ही पंखांखाली एकेक आणि इंजिनाच्या बाजूला स्ट्रेनरचा (इंधनाच्या गाळणीचा) एक. पोटाखाली आणखी एक असेल तर तोही.

पद्धत अशी. विमान सपाट जागेवर हवं. इंधन भरल्याबरोबर नमुना काढू नका, पाणी खाली बसायला थोडा वेळ द्या. भरण्याआधीच नमुना काढला असेल तर भरल्यावर परत काढा. पेला उजेडासमोर, मागे पांढरं काही धरून बघा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसतो. गंज, रबराचे तुकडे, बुरा दिसतो का तेही बघा.

इथे एक फसगत होते. पेल्यात सगळं पाणीच आलं, तर थर कुठला दिसणार? नितळ द्रव दिसतो आणि माणूस ‘स्वच्छ आहे’ म्हणून पुढे जातो. म्हणून नितळ आहे का एवढंच बघू नका, निळं आहे का तेही बघा. १००एलएल ॲव्हगॅस निळं असतं. नितळ पण बिनरंगी द्रव मिळाला, तर ते पाणी असेल किंवा जेट इंधन असेल. वास घ्या, बोटावर घेऊन बघा.

जेट इंधनाचं सांगायचं ते इथेच सांगतो. आता काही प्रशिक्षण विमानांना डिझेल धर्तीचं इंजिन असतं आणि ती जेट ए-१ वर चालतात. एकाच मैदानावर दोन्ही इंधनं असली की टाकीत चुकीचं इंधन भरण्याची शक्यता येते. ॲव्हगॅसच्या इंजिनात जेट इंधन गेलं तर ते लगेच बंद पडत नाही. नळ्यांमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये चांगलं इंधन शिल्लक असतं, त्यावर टॅक्सी होते, रन-अपही (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) होतो. पूर्ण ताकद लावल्यावर, म्हणजे टेकऑफला, स्फोटक ज्वलन सुरू होतं आणि पिस्टन जळतात. दोन्ही इंधनं मिसळली असतील तर निळसर छटा शिल्लक राहते, म्हणून एकट्या रंगावर विसंबू नका. शंका आली तर पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. ॲव्हगॅस उडून जातं आणि कागद कोरडा होतो. जेट इंधन मिसळलेलं असेल तर तेलकट डाग मागे राहतो. इंधन भरताना स्वतः शेजारी उभं राहणं आणि झाकणाजवळची पट्टी वाचणं, यापेक्षा सोपा उपाय नाही.

पाणी सापडलं तर? स्वच्छ येईपर्यंत काढत राहा, पंखाची टोकं हलकेच वरखाली करा, थोडं थांबून परत सगळे ड्रेन बघा. तरीही येत असेल तर इंजिनिअरला बोलवा आणि त्या दिवसाचं उड्डाण सोडा. काढलेलं इंधन डब्यात टाकायचं, डांबरावर नाही.

आणि किती इंधन आहे ते काट्यावरून ठरवू नका. झाकण उघडा, मोजपट्टी घाला. १५२ च्या साध्या टाक्यांत २६ गॅलन म्हणजे सुमारे ९८ लिटर मावतं, पण वापरता येतं २४.५ गॅलन, सुमारे ९३ लिटर. विमान तासाला साधारण २३ लिटर पितं असं धरा आणि पाऊण तासाचं राखीव बाजूला ठेवा. झाकण परत लावल्यावर हाताने ओढून बघा. सैल झाकणातून वरच्या कमी दाबामुळे इंधन अक्षरशः शोषलं जातं.

पिटो ट्यूबवर लाल पट्टीचं कव्हर असतं. ते काढलं की काम झालं ना? बाकी फेरीत सगळ्यात जास्त काय चुकतं?
— प्रशिक्षणार्थी, विटा

पिटो ट्यूब म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी. कव्हर काढणं ही सुरुवात. कव्हर नसताना विमान उभं होतं का, हा खरा प्रश्न. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात, प्लगच्या भोकात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी सगळ्यांना माहीत आहे. पिटोच्या नळीचं तोंड तिला बरोबर मापाचं वाटतं. ६ फेब्रुवारी १९९६ ला बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात पडलं, १८९ जण गेले. विमान काही दिवस उभं होतं आणि पिटो नळी माशीच्या घराने बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूजवळ समुद्रात दुसरं ७५७ पडलं, ७० जण गेले. तिथे धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकावर) लावलेली टेप काढायची राहिली होती. विमानं मोठी, पण नळी आणि भोक १५२ वरही तेच.

बुजल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लक्षणं फसवी आहेत. पिटोचं तोंड बंद आणि निचऱ्याचं भोक उघडं असेल, तर वेगाचा काटा शून्यावर येतो. हे बरं, निदान कळतं तरी. दोन्ही बंद असतील तर आतला दाब अडकतो आणि वेगाचा काटा उंचीच्या काट्यासारखा वागतो. तुम्ही वर चढता तसा वेग वाढलेला दिसतो. वेग जास्त वाटला म्हणून नाक आणखी वर घ्याल आणि स्टॉलमध्ये जाल, म्हणजे पंखांची उचल तुटेल. स्टॅटिक बंद असेल तर उंचीचा काटा जागीच राहतो, आणि चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

म्हणून आत डोकावून बघा. फुंकर मारू नका, त्याने उपकरण बिघडतं. तार घालू नका. बुजलं असेल तर इंजिनिअरचं काम. स्टॅटिकचं भोक पुढच्या भागात डाव्या बाजूला असतं. विमानाला पॉलिश केल्यावर त्यात मेण बसतं, तिथे बोटाचं टोक फिरवून बघा. आणि धावपट्टीवर वेग घेताना काटा हलला की नाही, हे मोठ्याने म्हणायची सवय लावा. हलला नाही तर थ्रॉटल मागे. पुढे पट्टी शिल्लक असते.

फेरीत जास्त काय चुकतं म्हणाल, तर वाकून बघायची जागा आणि चढून बघायची जागा. उभ्याने दिसतं ते सगळेच बघतात. नोज व्हीलच्या स्ट्रटचा चकचकीत दांडा पुरेसा बाहेर आहे का? खाली बसला असेल तर टॅक्सीत प्रोपेलरचं टोक जमिनीच्या फार जवळ येतं. फायरवॉलजवळच्या (इंजिनामागच्या भिंतीजवळच्या) पत्र्याला सुरकुत्या असतील, तर कुणीतरी नाकावर आदळून उतरलं आहे, लॉगमध्ये लिहिलं असो वा नसो. टायर आणि रिम यांच्यावरून ओढलेली रंगाची रेघ जुळते का? सरकली असेल तर टायर रिमवर फिरला, आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ताणला गेला. ब्रेकजवळ लाल तेलाचा थेंब दिसला तर ते हायड्रॉलिक ऑइल.

काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडात हात जाईल तितकं बघा. साळुंकी दोन उड्डाणांच्या मधल्या वेळातही काड्या कोंबते. त्या काड्या हवा अडवतात, इंजिन तापतं, आणि एक्झॉस्टजवळ पडल्या तर पेटतात. प्रोपेलरच्या पुढच्या कडेवरून, विशेषतः टोकाकडच्या भागावर, नखाला अडकेल अशी खाच शोधा. खडीवरून टॅक्सी केल्याने ती पडते, तिथे ताण एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. स्वतः कानस घेऊन बसू नका.

तेल डिपस्टिकवर बघा. १५२ ला ४ क्वार्टच्या खाली उडायचं नाही, १७२एसला ५ च्या खाली. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. काठोकाठही भरू नका, जादाचं तेल ब्रीदरमधून बाहेर पडून पोटाला लागतं. डिपस्टिक हाताने घट्ट, पान्याने नाही.

१५२ ची स्टॉल वॉर्निंग तपासायला वीज लागत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या भोकावर स्वच्छ रुमाल ठेवा आणि तोंडाने हवा ओढा, पिपाणी वाजली पाहिजे. लोक हसतात, हसू द्या.

चेकलिस्ट पाठ आहे. तरी दर वेळी कागद हातात धरून वाचायचा हट्ट कशासाठी?
— प्रशिक्षणार्थी, तासगाव

३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत डेटन इथे बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर चाचणीत उडालं, सरळ वर गेलं, स्टॉल झालं आणि पडलं. वाऱ्याने नियंत्रणं हलू नयेत म्हणून लावलेलं गस्ट लॉक काढायचं राहिलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल आणि सोबतचे बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर दोघेही मुरलेले होते, आणि दोघेही गेले. वैमानिकांच्या हातात कागदी चेकलिस्ट आली ती त्यानंतर.

पण नुसता कागद असून भागत नाही. ३१ मे २०१४ ला अमेरिकेतल्याच बेडफर्ड इथे गल्फस्ट्रीम जेट गस्ट लॉक लावलेलंच धावलं, पट्टी संपली तरी उचललं नाही, सातही जण गेले. तपासात त्या वैमानिकांची आधीची १७५ उड्डाणं काढली. त्यांतल्या फक्त दोनमध्ये नियंत्रणं पूर्ण फिरवून बघितली होती. इतकी वर्षं काही झालं नाही, याचाच त्यांनी पुरावा धरला असणार.

पद्धत अशी ठेवा. हात आधी ठरलेल्या क्रमाने फिरू द्या, मग कागद वाचून पडताळा. फेरी दर वेळी एकाच दिशेने. मध्येच कुणी हाक मारली, फोन वाजला, तर परत आल्यावर तीन बाबी मागे जाऊन सुरू करा. किती राहिलं ते आठवत नसेल तर पहिल्यापासून. इन्स्ट्रक्टरने हाक मारली तरी हाच नियम.

१५२ च्या कंट्रोल लॉकला पट्टी असते, ती चावीच्या भोकावर येते म्हणून विसरणं अवघड. ते लॉक हरवलं की कुणीतरी खिळा घालतं. खिळ्याला पट्टी नसते. विमानात खिळा दिसला तर तो काढून इंजिनिअरच्या टेबलावर ठेवा आणि खरं लॉक मागा.

नियंत्रणं मोकळी आहेत एवढं पुरत नाही, बरोबर दिशेने हलली पाहिजेत. योकवर (हातातल्या सुकाणूवर) अंगठे वर ठेवा आणि डावीकडे फिरवा. अंगठे ज्या बाजूला कलतात त्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर गेला पाहिजे. योक मागे ओढलं की एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या फळीची) मागची कड वर. वर्कशॉपमधून आलेल्या विमानावर हे दोनदा करा. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये मोठ्या देखभालीनंतर उडालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर १९० मध्ये एलेरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकांनी ते कसंबसं बेजाला उतरवलं.

गाडीची चावी काढली की इंजिनाचा धोका संपतो. विमानाची चावी काढलेली असतानाही प्रोपेलरला हात लावू देत नाहीत, ते का? आणि दोन मॅग्नेटो कशाला?
— गॅरेजचालक, मिरज

तुम्ही जुन्या स्कूटरचं मॅग्नेटो उघडलं असेल, म्हणजे अर्धं उत्तर तुमच्याकडेच आहे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चुंबक फिरला की ठिणगी. चावी ‘बंद’ केली म्हणजे मॅग्नेटोची प्राथमिक वायर बॉडीला अर्थ होते, एवढंच. ती वायर मध्ये तुटली तर चावी खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलं असेल आणि कुणी प्रोपेलर हाताने फिरवला, तर इंजिन एक फटका देतं. हातासाठी तो एक पुरतो.

म्हणून विमानाचं इंजिन चावीने नाही, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) ओढून बंद करतात, म्हणजे सिलिंडर कोरडे होतात. त्याआधी आयडलवर क्षणभर चावी ‘ऑफ’ करून इंजिन दबतं का ते बघतात. दबलं नाही तर अर्थ तुटला आहे.

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो. एक गेला तरी इंजिन चालतं, आणि दोन्ही चालू असताना ज्वलन चांगलं होतं. रन-अपला १५२ वर १७०० आरपीएम ठेवून एकेक बंद करतात. घट १२५ च्या आत आणि दोघांतला फरक ५० च्या आत. १७२एसला १८०० आरपीएम, १५० आणि ५०. घट जास्त आणि इंजिन थडथडत असेल तर बहुधा प्लगवर शिसं बसलं आहे. १००एलएलमध्ये शिसं असतं आणि जमिनीवर फार वेळ आयडलवर ठेवलं की ते साचतं. आरपीएम थोडे वाढवून, मिक्श्चर पातळ करून मिनिटभर चालवा आणि परत तपासा. नाही सुधारलं तर परत फिरा. घट जास्त पण इंजिन मऊ चालत असेल तर टायमिंगचा संशय घ्या. आणि घट अजिबात झाली नाही तर खूश होऊ नका, तो मॅग्नेटो बंद झालेलाच नाही.

पावसाळ्यात, हवा गार नसतानाही, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) तपासायची कशाला? बर्फ सह्याद्रीत कुठला?
— वाचक, वाई

बाहेर नाही, कार्ब्युरेटरच्या आत. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते आणि इंधनाची वाफ होते, दोन्हींमुळे तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. जुलैतली वाईची हवा बावीस-चोवीस अंश आणि ओलीचिंब. बर्फाला याहून चांगली स्थिती नाही, विशेषतः थ्रॉटल मागे घेऊन उतरताना. रन-अपला कार्ब हीट ओढली की आरपीएम थोडे उतरले पाहिजेत, कारण गरम हवा विरळ. उतरले नाहीत तर झडप हलत नाही, उडू नका. उतरून परत वर चढत मूळच्याहून जास्त झाले, तर बर्फ होता आणि वितळला.

उन्हाळ्यात दुपारी एकट्यालाच उडू देतात, दोघांना नाही. विमान तेच, मग असं का?
— प्रशिक्षणार्थी, फलटण

समजा धावपट्टी १८५० फुटांवर आहे. कराडच्या आसपासची उंची साधारण एवढीच. त्या उंचीचं प्रमाणित तापमान ११ अंश. मे महिन्यात पारा ३८ वर असेल तर फरक २७ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३२४० फूट, एकूण पाच हजारांच्या वर. म्हणजे हवेच्या विरळपणापुरतं विमान महाबळेश्वरपेक्षाही उंचावरून उडतंय. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, पंख आणि प्रोपेलरही कमी पकड घेतात. वजन कमी करणं एवढंच आपल्या हातात.

इथे एक ओढाताण आहे. ओलावा जमू नये म्हणून रात्री टाक्या भरून ठेवाव्यात, आणि दुपारी त्याच भरल्या टाक्यांचं वजन नडतं. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा आम्ही अर्ध्या टाकीच्या बाजूने. जून लागला की भरलेल्या. वजन-समतोलाचा तक्ता मात्र रोज नव्याने मांडायचा. कालच्यावर खाडाखोड नको.

सर्दीची गोळी घेतली तर उडता येतं का?
— प्रशिक्षणार्थी, सांगली

गोळीने झोप येत असेल, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी ती येते, तर नाही. गोळी न घेताही नाक चोंदलं असेल तर नको. वर जाताना कानातली हवा बाहेर पडते, खाली येताना आत शिरत नाही, आणि ऐन उतरताना कान असा दुखतो की बाकी काही सुचत नाही. औषधांबद्दल डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षकाला विचारा, औषधाच्या दुकानात नको. मद्य उड्डाणाआधी १२ तास वर्ज्य, आणि श्वासाची चाचणी होते. कफ सिरप आणि माउथवॉश यांच्यातही अल्कोहोल असू शकतं, नियमात माउथवॉशचा उल्लेखच आहे. सकाळी सहाची सॉर्टी असेल तर बाटलीवरचं लेबल आदल्या संध्याकाळी वाचा.